जळबाकाकांचं बोलणं

जळबाकाका, जयभीम.

सिनेमात मी अडखळत बोललो की लोक पोट धरून हसतात. ते बोलणं तुमचं आहे, हे मी एकाही मुलाखतीत सांगितलं न्हाई.

परवा कळमनुरीला आलो, तर तुमी नुसती मान हलवली. काकू म्हणाल्या, "बाजारात पोरं तुझे डायलॉग मारून यांना चिडवतात. आता हे घरातबी बोलत न्हाईत." तेवढ्यात दारात माझ्यासंगं फोटोसाठी गर्दी झाली, अन् तरी मी हसत उभा राहिलो.

काल त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाला नकार दिला. हे पत्र टाकणार न्हाई. माफी समोर बसून मागतो. तुमाला बोलायला कितीबी वेळ लागू द्या, मी मधी बोलणार न्हाई.

तुमचा पुतण्या,
प्रज्ञेश