पर्मनंट

१० जानेवारी १९५५, सोमवार

हेडमास्तर म्हणाले, जूनपासून पर्मनंट! जाता जाता म्हणाले. हातात खडूची पेटी, एक पाय जिन्यावर. "पद्मजाबाई, विमलाबाई काही परत येत नाहीत. त्यांचे मिस्टर येऊन सांगून गेले. मेअखेर रजा संपते त्यांची. जूनपासून तुम्हांला पर्मनंट करून टाकू." मी नुसतं "बरं, सर" म्हटलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

दीड वर्षं मी विमलाबाईंच्या जागेवर आहे. त्यांना छातीचं दुखणं निघालं, त्या मिरजेला सॅनेटोरियममध्ये गेल्या आणि त्यांच्या रजेपुरतं मला घेतलं. टेबल त्यांचं, वर्ग त्यांचे, वेळापत्रकावर अजून नावही त्यांचंच. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांचं वाईट कधी चिंतलं नाही. पण आज आनंद झाला तो झालाच. इथे तरी खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी नंदूला सांगितलं. नंदकुमार, आमच्या जुन्या शेजारच्या काकूंचा मुलगा. विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर, तोही टेम्पररीच. दर सहा महिन्यांनी 'ब्रेक' देतात आणि पुन्हा घेतात. काकूंचं म्हणणं सरळ आहे— "दोघांतलं एक तरी पर्मनंट होऊ दे, मग लग्न." नंदू एवढंच म्हणाला, "झकास!" आणि रस्त्यात, भर घाटकोपरच्या बाजारात, माझी पिशवी स्वतःकडे घेतली. कुणी पाहिलं असेल तर असो.

१२ जानेवारी

भाऊंना सांगितलं. ते हसायला लागले. रेल्वेत जन्म गेला त्यांचा, पर्मनंट वेच्या ऑफिसात. "आमच्याकडे रुळांना पर्मनंट वे म्हणतात, पद्मा. आणि आमचं काम काय? रुळांखालचे सडलेले स्लीपर काढायचे, नवे घालायचे. तीस वर्षं तेच केलं." आई रागावली. "पोरीच्या चांगल्या बातमीला तुमचं हे काय!"

१९ जानेवारी

दहावीला आज तोच शब्द धड्यात आला. मी मुद्दाम रेंगाळले त्याच्यावर! वाक्यं करायला सांगितली. एकीने केलं, 'माय ग्रँडमदर इज पर्मनंट इन अवर हाउस.' वर्ग हसला. तिला कळेना काय चुकलं. मलाही नीट सांगता येईना. मराठीत काय सांगायचं? कायम. कायमचा. पण 'कायमचा' म्हटलं की पुढे 'गेला'च येतं तोंडात.

६ फेब्रुवारी, रविवार

माझी मैत्रीण माणिक, तिने वांद्र्याला जाऊन केस 'पर्म', म्हणजे कुरळे, करून घेतले. त्याचंही पूर्ण नाव पर्मनंट! चार महिने टिकतात म्हणे. दोघी हसून हसून मेलो.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज विमलाबाईंना पाहिलं.

मुली सांगत होत्या, बाई मिरजेहून मुलुंडला घरी आल्या, आम्ही भेटून आलो. मग मी न जाणं बरं दिसेना. खरं कारण तेच का? की खरंच येणार नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहायचं होतं? आईने बजावलं, "जा, पण तिथे पाण्याचा थेंब घेऊ नकोस."

दार उघडंच होतं. आतून इंग्रजी वाचल्याचा आवाज. थांबून थांबून, पण मोठ्याने. विमलाबाई कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या, हातात दहावीचं पुस्तक. बारीक, उंच, गळ्याची हाडं वर आलेली. मला पाहून म्हणाल्या, "ये गं. आवाज घासून काढतेय. शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे ना!" मी कोण ते सांगितलं तर माझा हातच धरला. "पॅसिव्ह व्हॉइसला अजून घाबरतात का गं त्या?" असं विचारत राहिल्या. मला वाटलं होतं, माझा राग करतील.

मग म्हणाल्या, "जूनला येतेच मी. थुंकीत आता काही नाही, कुणाला धोका नाही, तसा दाखला आहे माझ्याकडे. शाळेत माहीत आहे ना सगळ्यांना?"

तेवढ्यात त्यांचे यजमान, श्यामसुंदर, चहा घेऊन आले. कपबशी वाजली. ते माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "हो. असेल ना."

चहा प्यायले. नाही म्हणवेना.

श्यामसुंदर कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "शाळेत मी जे सांगितलंय ते तिला सांगू नका. तिने घरीच राहावं हे बरं." मी म्हटलं, पण त्यांची तर एवढी तयारी— "तुम्हांला जागा मिळतेय ना?" असं म्हणाले आणि वळले.

असले नवरे! बायकोची नोकरी परस्पर सोडून आले. आणि मी? मी काय म्हटलं? असेल ना.

१४ फेब्रुवारी

शाळेत कुणाला काही बोलले नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

नंदू आणि काकू आले होते. काकूंनी आईशी मे महिन्यातल्या मुहूर्ताच्या गोष्टी केल्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "आमचा नंदू लोंबकळतोय, पण तू घर सावरशील." नंदू माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसला. मीही हसले. डोळ्यांपुढे मात्र सारखं कपाट दिसत होतं आणि त्याच्याकडे तोंड करून वाचणारी ती बाई.

नंदूला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि ते ऐकलं असतं तर मी ऐकलंच असतं त्याचं.

२० मार्च, रविवार

आज सबंध दिवस पेपर तपासले. निळ्या शाईची दौत लवंडली, पांढऱ्या पातळावर सांडली. लिंबू, मीठ, दूध—आईने सगळं करून पाहिलं. डाग फिका झाला, गेला नाही. आई दौत उचलून म्हणाली, "वाच, काय लिहिलंय वर!" दौतीवर पर्मनंट लिहिलं होतं. एरवी हसले असते.

१९ एप्रिल, मंगळवार

परीक्षा संपल्या. मुलुंडला गेले. श्यामसुंदर ऑफिसला गेले असतील अशी वेळ धरून गेले.

विमलाबाईंनी दोन नवी पातळं दाखवली. फिक्या रंगाची, खडू दिसू नये म्हणून. "मॅट्रिकचा वर्ग मागणार आहे सरांकडे," म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं. यजमान जानेवारीतच शाळेत येऊन गेले, तुम्ही परत येणार नाही म्हणाले, सरांनी जागा मला द्यायचं ठरवलंय.

त्या रडल्या नाहीत. पातळांच्या घड्या घातल्या. नीट, कडेला कड लावून.

"तुला पर्मनंट करणार होते?"

"हो."

"लग्न ठरतंय ना तुझं? मुली म्हणत होत्या."

"हो."

"मग कशाला आलीस गं इथे?"

काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. "तुम्ही जोरात वाचत होतात म्हणून," असं काहीतरी बोलले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात फार गरम होता.

२५ एप्रिल

विमलाबाई स्वतः शाळेत जाऊन दाखला देऊन आल्या. सरांनी मला बोलावलं. "मला कसं कळणार हो? मिस्टरच म्हणाले नाही म्हणून. आता नियम आहे, जागा त्यांची. पुढे काही निघालं तर कळवू."

घरी सांगितलं. भाऊ म्हणाले, "बरं केलंस." पण ते म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

१ मे, रविवार

काकूंनी मे महिन्याचं नाव काढणं बंद केलं आहे.

१३ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. मी गेले नाही, अर्थातच. माणिकची धाकटी बहीण दहावीत आहे, तिने येऊन सांगितलं. विमलाबाई वर्गात आल्या तेव्हा मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत राहिल्या. बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी त्या पोरीला खाऊसुद्धा दिला नाही.

२० जून, सोमवार

नंदू आला होता. घरात बसेना, म्हणून खाली गेलो. कितीतरी वेळ चपलेने माती उकरत होता.

"आईने एक मुलगी बघितलीय. तिचे काका आमच्या कारखान्यात वर आहेत. मला पर्मनंट करून देतो म्हणतात."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, पद्मा? तीन वर्षं झाली ब्रेक खातोय." मग एकदम चिडून म्हणाला, "तू त्या बाईंना सांगायला गेलीस, तेव्हा मला एका शब्दाने विचारलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

उकरलेली माती चपलेने सारखी केली. मग खरं तेच बोलला. खोटं त्याला कधी जमलंच नाही. "गप्प राहा म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"पण तेव्हा मी तुझ्याबरोबर असतो गं! चुकीचा का होईना, बरोबर असतो."

तो गेला. मी वर आले, डाळ निवडायला घेतली. त्याचं ते शेवटचं वाक्य अजून कानात आहे. मी एकटीने चांगलं वागायला गेले. त्याला वाईट वागायचीसुद्धा संधी दिली नाही. त्याने कदाचित ऐकलंही असतं माझं. आता कधी कळणार नाही ते.

२८ जून

नंदूचा साखरपुडा झाला. भाऊ जाऊन आले.

१७ जुलै, रविवार

शिकवण्या धरल्या आहेत. वाकोल्याला एक, इथे दोन. एका क्लासने फॉर्म भरून मागितला. त्यात पर्मनंट पत्ता. भाऊ म्हणाले, राजापूरचा घाल. राजापूरला आता आमचं कुणी नाही, घराला कुलूप आहे. जिथे कुणीच राहत नाही तो पर्मनंट, आणि जिथे रोज राहतो तो नाही!

मला पश्चात्ताप होतो. लिहूनच टाकते. बरोबर वागल्याचा पश्चात्ताप होतो. असं होत नसतं म्हणे. होतं.

२० ऑगस्ट, शनिवार

माणिकची बहीण धावत आली. दहावीच्या वर्गात विमलाबाईंना खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावला, तो लाल झाला. हॉस्पिटलमध्ये नेलं आहे.

२१ ऑगस्ट, रविवार

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात श्यामसुंदर बसले होते. दाढी वाढलेली. मला वाटलं अंगावर येतील. त्यांनी बाकावर जागा करून दिली.

"एक फुप्फुस कायमचं गेलंय तिचं. पर्मनंट, असंच म्हणाले मिरजेचे डॉक्टर. दाखला दिला तो दुसऱ्यांना धोका नाही म्हणून. तिला नाही असं कुठे लिहिलं होतं? वर्गात उभं राहून ओरडायला लागली तर वर्षही काढणार नाही, म्हणाले. मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले. तिला कसं सांगू? जगायची उमेदच शाळेवर होती हो तिची. म्हटलं, नोकरी गेली तर माझ्यावर रागावेल. रागावू दे. जगेल तरी."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? त्या दिवशी, कोपऱ्यावर?"

"कुणालाच नव्हतं सांगितलं. बोललं की खरं होईल असं वाटायचं."

असले नवरे, असं मीच लिहिलं होतं. मी गप्प बसले असते तर ही बाई आज घरी बरी असती, नंदू माझा असता, आणि मी पर्मनंट असते. तीन माणसं सुखात असती. एका माझ्या खरेपणाने सगळ्यांची वाट लावली.

२९ ऑगस्ट, सोमवार

सरांनी बोलावून घेतलं. "आता काही त्या येत नाहीत. उद्यापासून या. ह्या वेळी पक्कं करू, पर्मनंट."

मी म्हटलं, "वर्ग घेते, सर. पण विमलाबाई आहेत तोवर रजेचीच जागा राहू दे. मी टेम्पररी बरी."

ते चष्मा काढून बघत राहिले. "तुमचं नुकसान आहे, बाई." मी म्हटलं, "हो, सर."

४ सप्टेंबर, रविवार

विमलाबाईंनी आज श्यामसुंदरांना मोसंबी आणायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता, मी कान खाली नेला. म्हणाल्या, "मिरजेला डॉक्टर ह्यांच्याशी बोलत होते तेव्हा मी दाराआड उभी होते. सगळं ऐकलं होतं. ओट्यापाशी बसून दहा वर्षं काढण्यापेक्षा मला वर्ग हवा होता, गं. तो मिळाला." मग म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस हं. आपण बायकोला कळू दिलं नाही, एवढाच आधार आहे त्यांना."