कामिनीचा पेपर

वाडी, नागपूर
रविवार

आईले हर्षाचा नमस्कार,

मी इथं मजेत आहो. गोदामातलं काम जमलं, खोलीही चांगली आहे. मिरची तोडून तुह्या हातांची आग होत होती, ती थांबली का? बाबा वेळेवर जेवतात ना?

फोनवर सांगितलं तर तू रडशील, म्हणून लिहून राहिली.

सुटीचा दिवस मले खायले उठते. म्हणून मी अंध मुलींचे पेपर लिहून द्यायले नाव नोंदवलं. मागच्या महिन्यात कामिनी नावाच्या पोरीचा बीएचा पेपर होता. ती सांगे, मी लिही. एक उत्तर चुकलं हे मले कळत होतं, पण आपण बोलायचं नसते. तिनं सांगितलं तसंच लिहिलं.

बाहेर आल्यावर ती म्हणे, "ताई, पहिला प्रश्न वाचला तेव्हा तुमचा आवाज काहून बसला होता?"

मी म्हटलं, "दोन दिवस सुटी होती वं. कोणाशी बोललीच नव्हती."

तिनं माहा हात धरून मले बाकावर बसवलं. "मग आता बोला. मले घाई नाही."

आई, मी तासभर बोलली. तुह्याबद्दल, आपल्या वावरातल्या मिरचीबद्दल.

काल तिचा फोन आला, ती पास झाली. "घरच्यांच्या आधी तुम्हाले सांगून राहिली," म्हणे.

मी पेढे आणले अन् सहा महिन्यांत पहिल्यांदा शेजारच्या खोलीपाशी गेली. दाराले कुलूप होतं. आज संध्याकाळी परत जाईन.

हातांले खोबरेल लावत जा.

तुही,
हर्षा