बाराने भागलेले सामने

प्रिय मारेन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही तू हे पत्र उघडलंस, असं धरून लिहितो आहे. तीन वर्षं झाली, आपण बोललेलो नाही. तू या दाराशी फिरकली नाहीस आणि मी बोलावलं नाही. का, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यावर येणारच आहे, पण आधी, दर ऑगस्टला आपण कॉलेज फुटबॉलमधली खरी पोरं आपापल्या कागदी टीममध्ये निवडून घेतो त्या ड्राफ्टचं सांगू दे, कारण सुरुवात तिथूनच झाली.

माझी आकड्यांची वही कुणीतरी चोरून वाचतंय, अशी माझी खात्रीच झाली होती. आता तू म्हणशील, बाबाला कधी संशय आला नाही असा एक दिवस दाखवा. खरं आहे. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला ट्रक दिसला की आधी त्यातले दगड दिसतात. पण या वेळी पुरावा होता. गेल्या वर्षी मायलोचे गुडघे गेले म्हणून तो ॲरिझोनाला मुलाकडे राहायला गेला, आणि त्याच्या जागी आपला खेळ चालवणाऱ्या लोरेटाने एक नवा भिडू घेतला. मायलोचा कुणी मावसभाऊ म्हणे, लांब राहतो, येऊ शकत नाही, फोनवरूनच खेळाडू निवडेल. नावगाव विचारलं तर लोरेटा गोड कोलाचे पावांचं ताट पुढे करायची. आईची ही मैत्रीण खोटं बोलते तेव्हा समोरच्याला खायला घालते, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

तर हा मावसभाऊ बरोबर माझ्या आधी निवडायचा, आणि माझ्या वहीतलं पहिलं नाव माझी पाळी येण्याआधीच उचलायचा. एकदा नाही, पाच वेळा. बाकीचे सगळे मासिकं वाचून नावाजलेली पोरं घेतात. मी पोरांची नावं शेवटी बघतो, आधी कॉलेजच्या टीमचे चढाईचे आकडे बघतो, हे तुला मी काय सांगायचं. टीम एका सामन्यात किती डाव खेळते, त्यातले किती पळून आणि किती फेकून, पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड पोरांपैकी किती यंदा परत आली, जुना प्रशिक्षक टिकला की गेला. टीम भरभर खेळत असेल तर साधं पोरगंही शनिवारी आपल्या कागदी टीमला गुण मिळवून देतं. ही रीत या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. मग या ॲरिझोनावाल्याच्या मावसभावाला कशी आली?

माझा पहिला संशय शेजारच्या ड्वेनवर. शिडी मागायला येतो आणि तासभर बसतो. म्हणून या ऑगस्टमध्ये मी सापळा लावला. वहीत चेंडू फेकणाऱ्या एका क्वार्टरबॅकचं नाव लाल पेन्सिलीने तीनदा गोल केलं, वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी टाकली आणि ड्वेनला कॉफीला बोलावून मुद्दाम बागेत गेलो. त्या टीमच्या पुढच्या फळीतली चार पोरं शिकून बाहेर पडली आहेत. बिचारा क्वार्टरबॅक वर्षभर पाठीवरच पडलेला असणार.

तिसऱ्या शनिवारी लोरेटाच्या पार्लरमध्ये नेहमीसारखे आम्ही जमलो, केस वाळवायच्या खुर्च्या भिंतीला सरकवून. आणि काय सांगू, दुसऱ्याच फेरीत ड्वेनने छाती काढून तेच नाव घेतलं. म्हणजे चोर सापडला. मी मनातल्या मनात त्याला शिडीसकट घराबाहेर काढलं. पण माझी पोरं पळवणारा तो नव्हताच. मावसभावाने त्या लाल गोलाकडे ढुंकूनही बघितलं नाही, उलट वहीत कुठेही खूण नसलेली, फक्त माझ्या डोक्यात असलेली दोन पोरं त्याने पहिल्या दोन फेऱ्यांत उचलली. ड्वेन हसायला लागला. मला म्हणाला, "लॅडी, पेरतोस तू आणि कापून नेतो तो." मी वही मिटून टाकली. वही वाचता येते गं, पण डोकं कोण वाचणार?

तिसऱ्या फेरीत लोरेटाने फोनवर बघून मावसभावाचं पुढचं नाव वाचलं, आणि सगळं पार्लर खो खो हसलं. चेंडू घेऊन पळणारं एक पोरगं, कुठल्याही यादीत पहिल्या साठांत नसलेलं. त्याची टीम रेंगाळत खेळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ड्वेन म्हणाला, मावसभावाला ऊन लागलं असणार. मी मात्र हसलो नाही. मी वही उघडली आणि त्या टीमचे गेल्या वर्षीचे सगळे डाव बघितले. नऊशे चोवीस. ती टीम चौदा सामने खेळली होती, बारा नेहमीचे, एक विजेतेपदाचा आणि एक वर्षअखेरचा. चौदाने भागलं तर सामन्याला सहासष्ट डाव, म्हणजे गोगलगाय. पण बाराने भागलं तर सत्त्याहत्तर, आणि मग सबंध देशात तिच्यासारखी वेगवान टीम नाही.

मारेन, सामने कितीही असोत, बाराने भागणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं आहे. तू नऊ वर्षांची होतीस. बारापर्यंतचे पाढे नुकतेच पाठ झाले होते, आणि भागाकार मीच करणार म्हणून हटून बसली होतीस. सगळ्या टीम बारा सामने खेळतात असं तू धरून चालायचीस. मला चूक पहिल्याच दिवशी दिसली. पण तू इतक्या ऐटीत उत्तरं सांगायचीस की मला बोलवेना. तू उठून गेलीस की मी पेन्सिलीने समासात आकडा दुरुस्त करायचो. आई बघायची आणि म्हणायची, "खरी पोरं चिखलात लोळतात, जिंकता तुम्ही दोघं कागदावर, आणि त्यातही फसवाफसवी." तुला मी कधी सांगितलं नाही. पुढे सांगायची लाज वाटायला लागली. सोळा वर्षं तुझी ती चूक मी झाकली.

पार्लरमध्ये माझी पाळी आली तेव्हा मला एकही नाव सुचेना. लोरेटाकडे बघितलं तर ती माझ्याकडे ताट पुढे करत होती आणि तिचे डोळे भरले होते. म्हणजे गेली दोन वर्षं तू त्या फोनच्या पलीकडे बसून, मी काय निवडेन याचा विचार करत होतीस. मी इकडे चोर शोधत होतो. मी कोण पळवतंय ते बघत राहिलो, आणि तू बापाशी ज्या एका भाषेत बोलता येतं तिच्यात बोलत होतीस.

आता ते दुसरं. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी तिची लाल खड्याची अंगठी सापडेना, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणालो होतो, "अंगठी काही तिच्या बोटातून चालत गेली नाही. शेवटचे आठ दिवस तूच तिच्यापाशी होतीस." तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तू मलाही काट्यावर चढवलंस." आणि गाडी काढून गेलीस. त्यानंतर दोन महिन्यांनी, मे महिन्यात, टोमॅटोची रोपं लावायला मी आईचे हिरवे हातमोजे हातात घालायला गेलो आणि एक बोट आत जाईना. मोजा उलटा करून झटकला तर अंगठी मातीत पडली. हात सुजायला लागल्यावर तिने बागेतच मोज्यासकट ओढून काढली असणार. हे मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे, मारेन. रोज ठाऊक होतं. तुझी चूक मी खुशाल पेन्सिलीने दुरुस्त केली, आणि माझी चूक तुझ्या माथ्यावर ठेवून गप्प बसलो, कारण कबूल करायची छाती नव्हती. तू चोर नव्हतीस. मला माफ कर. हे सांगायला हे पत्र लिहिलं. अंगठी यात घातलेली नाही, किमती जिन्नस टपालाने पाठवणं मला पटत नाही, तुला ठाऊक आहे. ती टेबलावर वहीशेजारी ठेवली आहे. तिसऱ्या आठवड्यात तुझी टीम माझ्याशी आहे आणि ते गोगलगाईचं पोरगं तुला हरवणार आहे. त्याआधी ये, आणि अंगठी स्वतःच्या हाताने घेऊन जा. भागाकार तूच कर. बाराने केलास तरी चालेल.

तुझाच,
बाबा