नुसता फ्लॅश

आबा, तुझी लेन्स पुन्हा चालायला लागली. कॅमेरा नाही, तो मेलाच. त्याचं शटर अर्ध्यात अडकलं ते अडकलं. पण लेन्स तुझ्यामागे इतकी वर्षं स्टीलच्या डब्यात पडून होती, ती मी काढली आणि तिच्यासाठी सुरतेहून एक जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आले. हल्ली सगळे मोबाईलवर फोटो काढतात, म्हणून लोकांनी टाकून दिलेले असले कॅमेरे स्वस्तात मिळतात, आणि मधे एक रिंग बसवली की तुझ्या काळातली लेन्स त्यांना लागते. तुझा नातू म्हणाला, "आई, भंगारवाला पण घेणार नाही हा डबा." हसू दे मेल्याला. घरी येऊन लेन्स बसवली, बटण दाबलं, तर कॅमेरा ढिम्म. पडद्यावर काय आलं माहितीये? लेन्स जोडलेली नाही! म्हटलं, मुडद्या, माझ्या बापाची लेन्स तुझ्या तोंडावर बसलीय आणि तू नाही म्हणतोस? शेवटी हसणाऱ्या पोरानेच सेटिंगमध्ये शिरून, लेन्स ओळखू आली नाही तरी फोटो काढ, असं त्याला बजावलं. मग तो मुकाट चालला.

ती लेन्स हातात घेतली की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून तू ती चुलीच्या वरच्या फळीवर, पापडांच्या डब्याशेजारी ठेवायचास. त्या काचेच्या डोळ्यावर आई वैतागायची. "हाई डोया मन्हा पापडेसकडे देखस," म्हणायची आणि त्यावर फडकं टाकायची. तू फडकं काढायचास, ती परत टाकायची. शहाद्यात स्टँडजवळ तुझा स्टुडिओ, बाहेर काचेत गावातल्या नवरा-नवरींचे फोटो, आणि घरी तुझ्या लेन्सची ही अवस्था. याच चुलीपाशी, कळसाडी गावातल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, तू चहा पिता पिता आईला सांगत होतास की रोल जेवणाच्या आधीच संपले, नंतरचे सगळे नुसते फ्लॅश मारले. मी भाकरी खात बसलेली. नुसते फ्लॅश म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. यजमान ठरवून देईल तेवढेच रोल, आणि स्टेजवर चढणारं तर अख्खं गाव. कोणाला नाही म्हणायचं? म्हणून तू रिकाम्या कॅमेऱ्याने लख्खकन उजेड पाडायचास, माणसं खूश होऊन उतरायची, आणि कागदावर काहीच नसायचं. सगळेच फोटोवाले करतात म्हणालास. माझा घास तोंडातच राहिला, कारण त्या उजेडात तुझी बहीण, माझी फुई, आणि तिचा नवरा, फुवाही उभे होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते उभे राहिलेले मला आजही दिसतात. फुई पदर सारखा करतेय. फुवा, त्यांच्या खापर गावच्या बाजारात कोणाशी नजर न मिळवता चालणारा माणूस, तोही कसाबसा वर चढलाय. तू म्हणतोस, "दाजी, हसा ना थोडं." लख्ख उजेड. आणि त्याच साली फुवांना कावीळ झाली, ते गेले. त्या दोघांच्या लग्नात फोटोवाला नव्हता, तूही तेव्हा कॅमेरा धरला नव्हतास, त्यानंतर कोणी काढला नव्हता. जोडीचा म्हणून तो एकच, आणि तोही नाही.

पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फुई माहेरी आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "भाऊ, मन्हा फोटो कोठे शे?" मला वाटलं, आता आबा सांगणार. तू काय केलंस? "शे ना बहिन, शे. कोठे ठेवा, सापडना नही आजून," म्हणालास. आणि वर सांगत बसलास की फार झकास निघालाय, दाजी ताठ उभे शेतस, हात तुन्हा खांदावर शे, टोपी जराशी वाकडी. फुई डोळे मिटून ऐकत होती. मला असा राग आला! "आबा, खोटं का बोलस?" मी सगळ्यांसमोर ओरडले. तू माझ्यावर कधी हात उगारला नाहीस, पण त्या दिवशी तुझा आवाज ऐकून मांजरसुद्धा पळालं. "तुले काय समजस? चूप बठ!" त्यानंतर दर अखाजीला तेच. ती विचारायची, तू सांगायचास, मी उठून आत जायचे. तू गेल्यावर ती मला विचारायला लागली. मी म्हणायचे, शोधते.

आता फुईच्याने प्रवास होत नाही, म्हणून यंदा अखाजीला मीच खापरला गेले, तुझी लेन्स घेऊन. ठरवून गेले होते की खरं काय ते सांगून टाकायचं आणि बदल्यात निदान तिचा एकटीचा चांगला फोटो काढून द्यायचा. तिच्या खाटेवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. ती दात नसलेल्या तोंडाने हसली. "माले माहित व्हतं, पोरी. तुन्हा बाप फोटो काढस, तवय रोल फिरावस, खर्रर वाजस. त्या दिन वाजनं नही." मी म्हटलं, "मंग दरसाल कसाले मांगे तू?"

"तुन्हा फुवा गयात, मंग सासरमा त्यासनं नाव कोनी काढे नही. तुन्हा बापच एकला सांगे, कसा उभा व्हतात, हात कोठे व्हता." मग म्हणाली, "हात त्यासनी खरंच ठेवा व्हता, बरं. चार लोकसमा, पहिलांदाच. तू तं निसतं 'शोधस' म्हनस."

आबा, मला रडूच कोसळलं. फुईने मला थोपटलं, मग स्वतःच खाटेच्या एका कडेला सरकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढ." तुझ्या लेन्सचा फोकस आपोआप होत नाही, तिची रिंग हाताने फिरवत बसावं लागतं. माझे डोळे भरलेले. काढला एकदाचा. "कसा उना? माले त्या बारीक काचमा दिसत नही. सांग ना."

मी म्हटलं, "झकास उना, फुई. तू हसी ऱ्हायनी. फुवा ताठ उभा शेतस, हात तुन्हा खांदावर शे. टोपी जराशी वाकडी." तिने डोळे मिटून घेतले.

हे पत्र मी कुठे टाकणार? लेन्सच्या डब्यात ठेवते, फळीवर. पण फुईला जे बोलले नाही ते तुला सांगते. फोकस चुकला, आबा. फुई पुसट आलीय, आणि तिच्या शेजारी जी जागा तिने सोडली होती, तिथल्या गोधडीचा टाका न् टाका मोजता येतोय. पोरगा म्हणतो, डिलीट कर. मी करणार नाही.