पंप बंद पडला त्या दुपारी

सर, तुम्हाला जाऊन वर्षं झाली, पण माझा राग काही गेला न्हाई. चारचौघांत तुमच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

जालन्याच्या आपल्या लॅबमधली ती दुपार. झिओलाइट या उत्प्रेरकाची पावडर दाबून मी पापडासारखी पातळ चकती केलीय, नळीतली हवा पंपानं ओढून ती तापत ठेवलीय. तिच्यातला ओलावा पार गेला की पिरिडीनची वाफ सोडायची. ती चकतीतल्या आम्लाच्या जागांना चिकटते, आणि दोन प्रकारच्या आम्लांची दोन शिखरं इन्फ्रारेडच्या ग्राफवर उमटतात. पाणी राहिलं तर दुसऱ्या प्रकारचं आम्लही पहिल्यासारखंच दिसायला लागतं. हे तुम्हीच शिकवलं होतं. तेवढ्यात लाइट गेली, पंप बंद पडला, नळीत बाहेरची दमट हवा शिरली. मी म्हणाले, "सर, पुन्हा तापवावं लागेल." तुम्ही म्हणालात, "काही होत न्हाई गं. आली ना लाइट लगेच? घे रीडिंग जल्दी, पेपर पाठवायचाय."

पाण्यामुळं पहिलं शिखर फुगलं आणि तुम्ही त्याला शोध म्हणून छापून आणलंत. पुढं दुसऱ्या लॅबला तसं काही मिळेना, तेव्हा भर मीटिंगमध्ये म्हणालात, "पोरगी निष्काळजी निघाली, मी भरवसा ठेवून फसलो." माझी पीएचडी तिथंच बुडाली. बाबा हसनाबादहून हातापाया पडायला आल्ते. त्यांना व्हरांड्यात उभं ठेवून तुम्ही सांगितलं, "हिचं लग्न लावून द्या, हे काम हिच्याच्यानं व्हायचं न्हाई." बाबा "जी साहेब" म्हणाले. परतताना एसटीत ते माझ्या शेजारची जागा सोडून पुढं जाऊन बसले. तुम्हाला त्याचं काय?

आता मी भोकरदनला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीच्या लॅबमध्ये तसलंच झिओलाइट घेऊन सगळं पुन्हा केलं. पंप मधे एकदाही थांबू दिला नाही. पहिलं शिखर मुळीच फुगलं नाही. मग मुद्दाम ओलावा शिरू दिला, तर तुमचा तो शोध जसाच्या तसा समोर.

मैत्रीण म्हणाली, "आता तरी बरं वाटलं ना?" मी हो म्हणाले. पण खरं सांगते, ग्राफ हातात आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, चला, सरांना दाखवू. इतकं होऊनसुद्धा. हा कागद कुठं पाठवणार? पण तुम्ही असता, तर तुमच्या दारात जाऊन उभी राहिले असते.