लाल दिव्यावरची चिकटपट्टी

राजे,

झोप झाली असेल तर डिस्कच्या डबड्यावरची चिकटपट्टी काढून बघा. खाली जो लाल दिवा दिसतोय, तो डिस्क मेल्याचा आहे. तुमची झोपमोड करायला नव्हता.

दोन डिस्क मी मुद्दाम जोडल्या होत्या. जे एकीवर तेच दुसरीवर. एक गेली की डबडं बोंबलणार, आपण तिच्या जागी नवी घालायची, एवढंच काम होतं. तू त्याचा आवाज बंद केलास, दिव्यावर पट्टी चिकटवलीस आणि बाबांना म्हणालास, "ताईला उगाच काळजी करायची सवयच आहे." आज सकाळी दुसरीही गेली. आई गेल्यापासून चहाबरोबर तिचं रेकॉर्डिंग ऐकणारे बाबा अजून "नेट गेलं असेल" म्हणून वाट बघत बसलेत.

त्यांना आता तू सांगायचंस. "मशीन बिघडलं" असं नाही, "मी आईचा आवाज घालवला" असं. त्यांच्यासमोर बसून. त्यांनी जन्मभर तुझंच ऐकलंय, हेही ऐकतील.

बोलताना मला फोन लावून ठेव. तिसरी कॉपी माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे, कारण तुझ्या भरवशावर मी काहीच ठेवत नाही. बाबा रडल्याचं माझ्या कानांनी ऐकलं की ती घेऊन येते. त्याआधी त्यांच्याजवळ कॉपीबद्दल एक शब्द जरी काढलास, तर ती कपाटात नव्हतीच.

ताई