सबस्टेशनात झालेला पाहण्याचा कार्यक्रम

तीर्थस्वरूप शिवप्रसाद दाजी यांस मन्मथचा साष्टांग नमस्कार (ड्युटीवर आहे म्हणून खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमची गुडघेदुखी, आमच्या ताईचा राग आणि देगलूरचा उकाडा हे तिन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. इकडे आईची तब्येत माझ्या लग्नाच्या काळजीवर टिकून आहे.

तर बाराव्या स्थळाची हकिकत ऐका. आधीच्या अकरांपैकी सहा जणांनी, बोलताना माझा फोन सारखा वाजतो म्हणून नकार कळवला होता (लाईट गेली की अख्खं गाव मलाच फोन लावतं, मी उचलला नाही तर आईला). तेहतीस हा आकडा सबस्टेशनाला शोभतो, नवरदेवाच्या वयाला नाही. हे शेवटचं स्थळ, यानंतर मी कुणाचा उंबरा झिजवणार नाही, असं आईनं जाहीर करून टाकलं होतं.

रविवारी अहमदपूरहून वीरण्णा मामा आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव अयोध्या, तिथल्या शाळेत शिकवते. नेमका माझा जोडीदार श्रीशैल मोटारसायकलवरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला, आणि खुर्ची तर रिकामी सोडता येत नाही. शेवटी बाबा पाहुण्यांनाच सबस्टेशनात घेऊन आले. पोह्याच्या बशा लॉगशीटच्या रजिस्टरावर मांडल्या.

वीरण्णा मामांनी पहिलाच प्रश्न टाकला, "लाईट तुमीच बनवता का?" मी खरं सांगायला गेलो. म्हणालो, मोठ्या केंद्रातून तेहतीस हजार व्होल्ट येतात, इथं त्याचे अकरा हजार होतात, मग गावाकडं, शेताकडं, पाणीपुरवठ्याकडं वेगवेगळ्या लाईनी जातात, आणि गल्लीतली डीपी ते आपल्या बल्बाला झेपेल एवढं करते. मामा पोह्यांचा घास गिळून म्हणाले, "म्हंजे बटन दाबायची नोकरी हाय." बाबांनी घाईघाईने त्यांना आणखी पोहे वाढले.

तेवढ्यात एका माकडानं गावच्या लाईनीवर उडी मारली. धाडकन आवाज, लाईन बंद, वर भोंगा! वीरण्णा मामा एक चप्पल सोडून थेट फाटकाबाहेर. (माकड सुखरूप आहे, काळजी नसावी.) मी ऑफिसच्या फोनवर लाईनमनशी बोलत होतो, कारण लाईन मोकळी असल्याचं त्यानं सांगितल्याशिवाय परत चालू करता येत नाही, हे देगलूरच्या सबस्टेशनात हीच खुर्ची सांभाळणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावं. आणि माझा मोबाईल टेबलावर थयथयाट करत होता. फोनपायी सातवा नकार समोर दिसत होता.

अयोध्यानं पदर खोचला, मोबाईल उचलला आणि वर्गात बोलावं तशी बोलली, "लाईन दुरुस्त व्हायलीय. दहा मिनिटं लागतील. परत परत फोन करू नका. कळलं ना? बसा खाली!" असे तिनं बावीस फोन निकालात काढले. त्यातले एक आमचे माजी सरपंच लक्ष्मणराव. संध्याकाळी ते मला सांगत होते, "मन्मथ, मी खरंच खाली बसलो की रे!"

दाजी, लपवत नाही, मी त्याच क्षणी हरलो. लाईट आली तेव्हा मी तिच्याकडेच बघत होतो, आणि रजिस्टरात वेळ लिहायची राहून गेली. चप्पल शोधत परत आलेल्या वीरण्णा मामांनी, "लेकीला इथं काम हाय," एवढं म्हणून होकार दिला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमचा मेहुणा,
मन्मथ

ता. क. लग्न आमच्याच गावात, येत्या पंधरा तारखेला, दुपारी बारा पस्तीसला. श्रीशैलचं प्लास्टर वीस तारखेला निघणार आहे. दुसरा माणूस मिळत नाही. मुहूर्ताला माझा फोन वाजला तर ती हार घेऊन परत जाईल, असं अयोध्यानं बजावलंय. तेव्हा त्या दिवशी माझा मोबाईल घेऊन माझ्या जागी तुम्ही पॅनलसमोर बसायचं. साहेबांची परवानगी मी तुम्हाला न विचारताच काढली आहे.

ता. क. २. एकुलत्या एका मेहुण्याच्या लग्नात आपला नवरा मानाचा फेटा बांधून पुढं बसणार, असं ताई साऱ्या देगलूरला सांगत फिरतेय. तिला तुम्हीच सांगा. तेहतीस हजारांच्या तारेखाली मी बिनधास्त झोपतो, पण तिच्यासमोर उभं राहायला मला जमणार नाही.